सेटलमेंटच्या पत्त्यावरून वाचताना

सोलापुरात आजही टपालावर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता लिहिला जातो. रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. या नावामागे एक कायदा आहे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्यात आला आणि १९२४ साली नव्याने कायदा करून सगळं एकत्र बांधलं गेलं. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट अशी नावं सरकारी नोंदवहीत चढली आणि माणसं तारेच्या कुंपणात गेली. सोलापूरची सेटलमेंट इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. गिरण्यांना हात हवे होते, ते इथून मिळत. वर्तणूक चांगली ठरली की कुंपणाबाहेरच्या 'फ्री' कॉलनीत राहायला मिळे, पण कायद्याची नजर तिथेही सुटत नसे. १९३० सालच्या मार्शल लॉचा आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा सोलापूरला रास्त अभिमान आहे. त्याच दिवसांत, याच शहरात, हे कुंपणही उभं होतं.

दक्षिण आशियातल्या बायकांच्या साहित्यातलं राजकारण, वसाहतीचा काळ आणि त्यानंतरचा काळ हा विषय विद्यापीठांतून बहुतेकदा इंग्रजी पुस्तकांपासून आणि जडजंबाल सिद्धान्तांपासून सुरू होतो. सोलापूरच्या वाचकाने तो या नोंदवहीपासून सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. कारण या लेखिकांच्या पानांवर राज्यसत्ता येते ती बहुधा कागद घेऊन येते. कधी हजेरीपट, कधी पोलिसांची नोटीस, कधी मजुरीचा दर, कधी परत पाठवायच्या बायकांची यादी. झेंडा कोणत्या दिवशी बदलला हे त्या लिहितात, पण त्यांची नजर खिळते ती टेबलामागे बसून नाव विचारणाऱ्यावर. तो बदलला का, त्याचा प्रश्न बदलला का, एवढं पाहत गेलं तरी ढाका, लाहोर, तलासरी, सांगोला ही ठिकाणं एका रांगेत येऊन बसतात.

त्यासाठी वाचताना एक वही जवळ ठेवावी आणि पानावर तीन उभे रकाने आखावेत. कोण मोजतंय, काय मोजलं जातंय, आणि ज्याला मोजलं जातंय तो काय उत्तर देतो. कथानकाचा सारांश लिहूच नये. सारांश लिहायला घेतला की सगळी पुस्तकं सारखी दिसायला लागतात: बाईवर अन्याय झाला, बाईने सोसलं, बाई उभी राहिली. तिसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो, तो तसाच ठेवावा. उत्तर कुठे दिलेलं नाही, हेही त्या पुस्तकाबद्दल बरंच सांगतं.

सुरुवात 'बळी'पासून. मालतीबाई बेडेकरांना मराठी वाचक विभावरी शिरूरकर म्हणून ओळखतो. १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास'ने इतकी खळबळ उडवली, टोपणनावाआड कोण आहे याची इतकी चर्चा झाली, की त्या गदारोळात त्यांचं पुढचं मोठं काम मागे पडलं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमध्ये सरकारी नोकरी केली, कुंपणाच्या आतलं जगणं जवळून पाहिलं, १९४० च्या सुमारास नोकरी सोडली. 'बळी' आली १९५० साली. मराठीत वसाहतवादाच्या रोजच्या कारभारावर लिहिलेली इतकी थेट कादंबरी दुसरी मला दिसत नाही, आणि ती अजूनही 'विभावरींची वेगळी कादंबरी' एवढ्या एका ओळीत गुंडाळली जाते याचं वाईट वाटतं.

ती वाचण्याआधी कायद्यातलं एक कलम माहीत असावं. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. म्हणजे कुंपण एकच नव्हतं, घराच्या आतही एक होतं. हे कलम मनात ठेवून वाचलं की कादंबरीतल्या आईबापांच्या वागण्याचा अर्थ फिरतो. नाहीतर वाचक सहज म्हणून जातो, 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नव्हतं.' जी शाळा मूल घेऊन जाऊ शकते, तिच्याकडे आई कशी पाहील, हा प्रश्न आधी पडायला हवा.

'बळी'बाबत हमखास चुकतं ते असं: वाचक दयेने भरून येतो आणि लेखिका कुठे उभी आहे हे पाहायचं विसरतो. ती शिकलेली होती, वरच्या जातीतली होती, सरकारी पगारावर तिथे गेली होती. त्यामुळे पुस्तक खोटं ठरत नाही, पण नजर बाहेरून आलेली आहे. समासात पेन्सिलीने दोनच अक्षरं लिहीत जावं. लेखिका हजेरी घेणाऱ्याच्या बाजूने पाहत असेल तिथे 'घ', देणाऱ्याच्या बाजूने पाहत असेल तिथे 'द'. एकाच प्रसंगात घ चं द कुठे होतं ते वाक्य सापडलं की तिथे थांबून ते दोनदा मोठ्याने वाचावं. आणि 'बळी' संपल्यावर लगोलग जनाबाई गिऱ्हे यांचं 'मरणकळा' हाती घ्यावं. गोपाळ या भटक्या समाजात जन्मलेल्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते आत्मकथन आहे. तिथे 'घ' लिहायची वेळ क्वचितच येते.

आता १९४९ हे साल अधोरेखित करायचं. त्या वर्षी मुंबई प्रांताने गुन्हेगार जमातींचा कायदा मोडीत काढला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. आणि १९४९ मध्येच दिल्लीत एक नवा कायदा झाला, फाळणीत पळवलेल्या माणसांना शोधून परत पाठवण्याचा. त्यातली व्याख्या सावकाश वाचण्यासारखी आहे. पळवलेली व्यक्ती म्हणजे सोळा वर्षांखालचा मुसलमान मुलगा, किंवा कोणत्याही वयाची मुसलमान स्त्री, जी १ मार्च १९४७ ला किंवा त्यानंतर आपल्या कुटुंबापासून तुटली आणि दुसऱ्या माणसाबरोबर किंवा कुटुंबाबरोबर, किंवा त्यांच्या ताब्यात राहते आहे. पुरुष सोळाव्या वर्षी सुटतो. बाई पन्नाशीची असली तरी सुटत नाही. पोलीस वॉरंटशिवाय तिला ताब्यात घेऊ शकत, वाद झाला तर लवाद ठरवणार, आणि तिची स्वतःची इच्छा विचारण्याची तरतूद कुठेच नव्हती. पंजाबातल्या एका खटल्यात हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५२ मध्ये कायदा वैध ठरला. तो १९५७ पर्यंत चालला.

'बळी' १९५० ची. अमृता प्रीतम यांची 'पिंजर'ही १९५० ची. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात, हे या सगळ्या लेखातलं मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे. एकीत राज्य माणसांना गावाबाहेर काढून कुंपणात घालतं, दुसरीत राज्य बायकांना घरातून काढून 'आपल्या' देशात पोचवतं. दोन्हीकडे हेतू चांगला असल्याचं सांगितलं जातं. एकाला सुधारणा म्हणायचं, दुसऱ्याला सुटका.

'पिंजर'मधली पूरो फाळणीच्या बऱ्याच वर्षं आधी पळवली जाते. कारण तिच्याशी संबंध नसलेलं जुनं खानदानी वैर. ती एका रात्री निसटून आईबापाच्या दारात येते आणि आईबाप तिला घरात घेत नाहीत. मग तिला पळवणारा रशीद तिच्याशी निकाह लावतो, तिचं नाव हमीदा होतं, आणि ते नाव तिच्या दंडावर गोंदवलं जातं. हा गोंदण्याचा प्रसंग वहीच्या तिन्ही रकान्यांत लिहावा. नोंदवही इथे कातडीवर आली आहे. पुढे १९४७ उजाडतं, तिची भावजय लाजो पळवली जाते, पूरो तिला शोधून काढते आणि स्वाधीन करते. तिला स्वतःलाही परत जायची वाट मोकळी असते. ती जात नाही.

हा शेवट वाचून बहुतेकजण त्याग, मातृत्व किंवा रशीदवरचं प्रेम यांपैकी एक शब्द उच्चारतात आणि पुस्तक मिटतात. घाई होते ती इथेच. कायद्यातली ती तारीख पुन्हा काढून पाहावी: १ मार्च १९४७. पूरो त्या तारखेच्या कितीतरी आधी कुटुंबापासून तुटलेली आहे. तो कायदा भारतातला आणि मुसलमान बायकांसाठीचा, पण नुसत्या त्या तारखेने पाहिलं तरी ती पळवलेली ठरत नाहीच. जो गुन्हा गावातल्या वैरातून झाला आणि ज्यावर आईबापांनी दार लावून शिक्कामोर्तब केलं, तो कुठल्याच यादीत बसत नाही. फाळणीत घडलं तेच फक्त राष्ट्राच्या अब्रूचं ठरलं. लाजोला शोधायला दोन देशांची यंत्रणा आहे, पूरोला शोधायला कोणी कधी निघालंच नव्हतं. तिच्या नकारामागे हे सगळं आहे. हे एकदा दिसलं की पूरोच्या निर्णयाला त्याग म्हणवत नाही. घर, गाव आणि देश तिघांचाही हिशोब तिने तिथल्या तिथे चुकता केला आहे.

गटाने वाचायचं असेल तर दहा-बाराजण पुरतात. त्याहून जास्त झाले की बोलणारे तिघेच उरतात आणि बाकीचे ऐकणारे. या जोडीला दोन-दोन तासांच्या दोन बैठका लागतात. पहिल्या बैठकीत आधी पाच मिनिटं कायद्यातली व्याख्या मोठ्याने वाचायची, मग पूरो आईबापाच्या दारात येते तो भाग, मग गोंदणं, मग शेवट, आणि लगेच पुन्हा एकदा व्याख्या. चर्चा त्यानंतर. क्रम उलटा केला, म्हणजे आधी मतं आणि मग मजकूर, की माणसं आपापल्या मतांचंच समर्थन पुस्तकात शोधत बसतात. कोणी सिद्धान्ताचे शब्द फेकायला लागलं तर त्याला 'पान कोणतं?' एवढंच विचारावं.

या वाचनात एक अडचण मुद्दाम मध्ये आणायला हवी. इंग्रज वाईट होते, ते गेले, पुढचं आपलं आपण बघू, असा सरळ मामला मराठी बायकांच्या लेखनात मुळातच नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती चौदा वर्षांची, फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू होत असे, हे ती लिहिते, आणि इंग्रजी अमलात ते थांबलं याबद्दल बरं बोलते. तिच्या बाजूने पाहिलं तर वसाहतीचं राज्य हे शाळेचं दार आहे. त्याच राज्याने साठ वर्षांनी सोलापुरात तार ओढली, आणि तारेच्या आत मांग-गारुडीही होते. ही दोन्ही पानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. इतर देशांतल्या वसाहतोत्तर चर्चेतून आणलेली चौकट मराठीवर जशीच्या तशी बसवली की मुक्ता साळवे अडचणीची वाटायला लागते आणि मग तिला गाळलं जातं. तसं होऊ देऊ नये. ताराबाई शिंदेंची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) हीसुद्धा याच गुंत्यात वाचायची. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्याचं निमित्त, न्यायालय इंग्रजी, नावं ठेवणारे देशी, आणि बुलढाण्याची ही बाई मुख्यतः देशी पुरुषांना जाब विचारते. तिचा राग कुठे वळतो आणि कुठे वळत नाही ते नोंदवण्यासारखं आहे. हे पुस्तक पुढे बराच काळ विस्मृतीत गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आपल्याला मिळालं.

कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत आहे, तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. सगळे तिला विडी घरकुल म्हणतात. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० चं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४५ पासूनच्या वारली उठावाचं ते आतून लिहिलेलं वर्णन आहे. वेठबिगार, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यानपिढ्या राबणारे लग्नगडी, आणि जमीनदारांच्या दहशतीत जगणाऱ्या बायका. सोलापूरच्या वाचकाने, त्यातही विड्या वळणाऱ्या घरातल्या वाचकाने, या पुस्तकातला मजुरीचा भाग सर्वांत आधी वाचावा. गवतकापणीच्या संपात मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. एक आकडा, एक वजन. हजार विड्यांमागे मजुरी कशी ठरते, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या कोण मोजतं, त्या कोणाच्या खात्यावर जातात, हे ज्यांना रोज दिसतं त्यांना त्या ५०० पौंडांचं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. दर ठरला, पण तराजू कोणाच्या हातात? हा प्रश्न अशा वाचकांकडून आपोआप येतो. मध्यमवर्गीय गटात तो येत नाही. तिथे पुस्तकातली सभा, लाल बावटा आणि गोळीबार यांच्यावर बोललं जातं, आणि दर वगळला जातो. १९४५ च्या ऑक्टोबरातला तलवाड्याचा गोळीबार महत्त्वाचा आहेच. जेठ्या गांगड तिथे मारला गेला. पण गोळी का झाडली गेली याचं उत्तर अडीच रुपयांत आहे.

लेखिका बाहेरून आलेली आहे हे इथेही लक्षात ठेवायचं. वकिलीची पदवी घेतलेली बाई वारली पाड्यांवर राहते. 'बळी'साठी वापरलेली 'घ' आणि 'द' ही अक्षरं इथे पुन्हा उपयोगी पडतात, फक्त इथे हजेरी घेणारा जमीनदार आहे आणि लेखिका उघडपणे देणाऱ्यांच्या बाजूला गेलेली आहे. 'आम्ही' हा शब्द ती कधी वारल्यांना धरून वापरते आणि कधी फक्त कार्यकर्त्यांपुरता, ते पाहावं.

बंगाली लेखिका महाश्वेता देवींची 'द्रौपदी' ही कथा १९७८ च्या 'अग्निगर्भ' या संग्रहातली. ती सुरूच होते एका पोलिसी टिपणाने: नाव दोपदी मेझेन, वय सत्तावीस, नवरा दुलना माझी, मयत, आणि माहिती देणाऱ्यास शंभर रुपये. पहिल्याच पानावर आपला पहिला रकाना भरतो. पुढे सगळी कथा म्हणजे त्या टिपणाला दिलेलं उत्तर. दुष्काळात जमीनदार सूरजा साहू विहिरीचं पाणी अडवून ठेवतो, ती गोष्ट नीट वाचली नाही तर उरतं ते फक्त जंगल, बंदूक आणि बलात्कार. पाणी हे कारण आहे. सेनानायक हा अधिकारी शिकलेला आहे, शत्रूला समजून घेण्यासाठी वाचन करणारा आहे, आणि शेवटी वस्त्र नाकारून समोर येऊन उभी राहिलेली दोपदी पाहून त्याला भीती वाटते. तिच्या हातात शस्त्र नाही. ज्ञान, सहानुभूती आणि गोळीचा हुकूम एकाच माणसात कसे राहतात, हे महाश्वेता देवी जितक्या थंडपणे दाखवतात तितकं मी इतरत्र वाचलेलं नाही. कथा मोठ्याने वाचायची असेल तर गटाला आधी सांगून ठेवावं आणि ज्याला उठून जायचं त्याला जाऊ द्यावं. ही कथा जगभर गेली ती १९८१ च्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी अनुवादामुळे, आणि २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून ती काढली गेली. जोडीला त्यांचीच 'हजार चौरासी की माँ' वाचावी, ती हिंदीत सहज मिळते. तिथे मुलगा हा शवागारातला क्रमांक १०८४ झालेला आहे आणि आई एका दिवसात त्या आकड्यातून मुलगा परत मिळवायचा प्रयत्न करते.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घराघरात आहे, पण तेलुगूतलं 'मनकु तेलियनि मन चरित्र' हे १९८६ चं पुस्तक मराठी वाचकांत फारसं कोणी घेत नाही. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या तोंडून ऐकून ते लिहून काढलं. चाकली ऐलम्मा, मल्लू स्वराज्यम यांच्यासारख्या बायका त्यात बोलतात. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर निघालेल्या फौजेचा मुख्य रोख सोलापूरहून होता, नळदुर्गाच्या वाटेने. आपल्याकडे ती गोष्ट चार-पाच दिवसांत संपते, निजाम शरण येतो आणि मुक्ती मिळते. या बायकांच्या सांगण्यात ती तिथे संपत नाही. तीच फौज पुढे जमीन ताब्यात घेतलेल्या शेतकऱ्यांवर वळते आणि लढा १९५१ पर्यंत चालतो. मागे घेतल्यावर पुरुष निवडणुकांकडे वळले, आणि बंदूक उचललेल्या कितीतरी बायकांना सांगितलं गेलं की आता घरी जा. पूर्व भागातल्या एखाद्या आजींना बसवून यातलं एक कथन मूळ तेलुगूत वाचून घ्यावं आणि शेजारी कोणी मराठीत सांगत जावं. वेळ दुप्पट लागतो, म्हणून एका बैठकीत एकच बाई घ्यावी. उर्दूचंही तसंच. पाकिस्तानी कवयित्री फहमीदा रियाझ यांची 'चादर और चारदीवारी' किंवा किश्वर नाहीद यांची 'हम गुनहगार औरतें' शहरात उर्दू जाणणाऱ्याकडून ऐकता येते, मग अनुवादाच्या मागे कशाला लागायचं? पाकिस्तानात जनरल झियांच्या राजवटीत साक्षीच्या कायद्याविरुद्ध लाहोरच्या बायका १२ फेब्रुवारी १९८३ ला रस्त्यावर आल्या आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या, एवढा संदर्भ आधी सांगितला की कविता आपलं काम करते.

सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे. १९४२ मध्ये सोलापूरच्या जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं, त्याआधी ते 'पूर्वा' मासिकातून आलं होतं, नंतर दूरदर्शनवर 'नाजुका' नावाने मालिका झाली. शहरी वाचक या पुस्तकाची एक मोठी हानी करतात. ते त्यातली बोली नाटकातल्या गावंढळ पात्रासारखी हेल काढून वाचतात. सांगोला, माणदेश भागातल्या कोणालाही वाचायला दिलं की तीच वाक्यं सरळ, भराभर, मध्येच थबकत जातात आणि विनोद भलत्याच ठिकाणी निघतो. नाजाची, म्हणजे लहानपणीच्या शांताबाईंची, भूक, भाकरीची वाटणी, शाळा, हे सगळं आलंच. पण वहीच्या दृष्टीने मोठी घटना ही की या पुस्तकात हजेरीपट पहिल्यांदा तिच्या हातात येतो. इतका वेळ टेबलामागे बसणारा कोणीतरी दुसरा होता. आता नावं पुकारणारी ती आहे, आणि गाव तिला पाणी कसं देतं, घर कसं देतं, हे तरीही गावच ठरवतं. नोकरी मिळाली की प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांनी हा भाग हळू वाचावा.

इथे गटाकडून एक फार वाईट गोष्ट घडू शकते. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमचं' किंवा शांताबाईंचं पुस्तक निघालं की बैठकीतल्या दलित मुलीकडे सगळ्यांच्या माना वळतात: 'तू सांग ना, तुमच्याकडे कसं असतं?' ती वाचक म्हणून आलेली असते, तिला साक्षीदार बनवलं जातं. हेही नोंदवही उघडणंच आहे. फलटणच्या बेबीताईंनी किराणा दुकान चालवत लिहिलं आणि ते लिहिणं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. कधी, कोणाला, किती सांगायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्या पुस्तकात वरच्या जातींइतकाच जाब घरातल्या सासूला आणि नवऱ्यालाही विचारलेला आहे. सुनेच्या पायात घातलेला खोडा त्यात आहे. गटातले सवर्ण वाचक तेवढाच भाग उचलून 'बघा, त्यांच्यातही' म्हणायला लागले तर पुस्तक मागे उलटून येसकर पाळीच्या, म्हणजे महारांना आळीपाळीने कराव्या लागणाऱ्या गावकामाच्या, पानांवर न्यावं. एकाच बाईने दोन्ही लिहिलं आहे, एकाच दमात.

शेवटची जोडी बांगलादेशाची. जहानारा इमाम यांची 'एकात्तरेर दिनगुली' ही दैनंदिनी १ मार्च १९७१ पासून सुरू होते. सुरुवातीला घरातली वर्दळ, जेवणं, शहरातल्या अफवा. ऑगस्टच्या अखेरीस मुलगा रूमीला पाकिस्तानी सैन्य उचलून नेतं. सरकारकडे दयेचा अर्ज करायचा की नाही यावर घरात जे बोलणं होतं ती पानं या सगळ्या वाचनातली सर्वांत अवघड पानं आहेत. अर्ज केला तर मुलगा कदाचित परत येईल, पण ज्या सरकारविरुद्ध तो लढला त्याच्याकडेच पदर पसरावा लागेल. अर्ज होत नाही. रूमी परत येत नाही. तिसऱ्या रकान्यात इथे एक न लिहिलेला कागद येतो.

तिच्याबरोबर नीलिमा इब्राहिम यांचं 'आमि बीरांगना बलछि' (१९९४). युद्धात सैनिकांच्या अत्याचारांना बळी पडलेल्या बायकांना नव्या राज्याने १९७१ च्या डिसेंबरात 'बीरांगना' अशी पदवी दिली. देणाऱ्यांना वाटलं मान दिला. गावांत आणि घरांत मात्र त्या पदवीने बाई ओळखली जाऊ लागली आणि दारं लागली, पूरोच्या आईबापांनी लावली तशीच. पुनर्वसनाच्या कामात असलेल्या नीलिमा इब्राहिम यांनी या बायकांची कथनं लिहिली ती त्यांची ओळख झाकून. २०१५ मध्ये सरकारने या बायकांना मुक्तियोद्धा म्हणून नोंदवायला सुरुवात केली, त्याबरोबर भत्ता आला. पण भत्ता हवा तर नाव गॅझेटात छापून यायला हवं, आणि आतापर्यंत निभावलं ते नाव झाकूनच. ही अट 'पिंजर'च्या बैठकीत वाचलेल्या व्याख्येशेजारी ठेवून वाचावी आणि गटातल्या बायकांना आधी बोलू द्यावं. या बैठकीला दोन तास पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवलेली बरी.